वरच्या दहा ओळी

दादा कात्री मागायला सुनेच्या टेबलाशी गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. भुताची गोष्ट म्हटली की लोक अंधारापासून सुरुवात करतात. ही भर दुपारची आहे. खिडकीतून ऊन आत आलेलं, दोरीवर कपडे वाळत असलेले, आणि दादांच्या सदऱ्याच्या बाहीला एक दोरा लोंबत होता, तो कापायचा होता. एवढंच.

सून घरी बसूनच कॉम्प्युटरवर काम करायची. कुठल्याशा कारखान्यात मोठाल्या भट्ट्या होत्या. त्यांच्या भिंती कुठे किती तापल्या आहेत ते एक यंत्र मोजायचं आणि हजारो आकडे पाठवायचं. त्या आकड्यांचं चित्र करून विंडोत दाखवायचा प्रोग्राम ती लिहीत होती. तिला सातवा महिना लागला होता. त्यामुळे खुर्ची टेबलापासून लांब असायची आणि हात पुढे ताणून तिला टाइप करावं लागायचं.

तिने कात्री न बघताच उचलून दिली. दादा ती हातात धरून तिथेच उभे राहिले. पडद्यावर बारीक बारीक रंगीत चौकोन होते, ओळीवर ओळ. तांबडे, नारिंगी, पिवळे. एकही चौकोन शेजारच्यात शिरलेला नव्हता.

"हा कुणी विणला?" त्यांनी विचारलं.

सून हसली. मग तिने खुर्ची वळवून त्यांना नीट समजावून सांगितलं, की हा गालिचा नाही, भट्टीची भिंत आहे. आकडा लहान असेल तर एक रंग, मोठा असेल तर दुसरा. एका आकड्याचा एक चौकोन.

दादा मुळातच कमी बोलायचे. गालिच्यांच्या कारखान्यात त्यांनी सगळी हयात काढली होती आणि तिथे त्यांना मुके दादाच म्हणत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आमचंही तेच असतं. एक आकडा, एक गाठ."

दोरा न कापताच ते मागच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा एका हातात कात्री तशीच होती आणि दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली एक वही.

ती वही त्यांच्या बायकोची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलाचं लग्न त्यानंतरचं, म्हणून सुनेने सासूला कधी पाहिलं नव्हतं. घरात तिचा एक धड फोटोसुद्धा नव्हता. फोटो काढायची वेळ आली की ती मान तरी वळवायची, नाहीतर आपली पिवळी शाल तोंडावर ओढून घ्यायची. कारखान्यात तिला घड्याळबाई म्हणत. मागाच्या पलीकडे बसून ती नक्षी सांगायची आणि अलीकडे बसून दादा गाठी मारायचे. तांबड्या तीन, पांढरी एक, निळ्या दोन, असं दिवसभर, एका सुरात, ठोके पडल्यासारखं. घसा बसू नये म्हणून गालात एक लवंग ठेवायची. चार वाजता चहा प्यायचा, नवी लवंग गालात घालायची, की पुन्हा सुरू.

चित्र तिने कधी कागदावर काढलं नाही. ते तिच्या डोक्यातून आकडे होऊन वहीत उतरायचं, वहीतून तिच्या तोंडी यायचं आणि तिथून दादांच्या बोटांत. चाळीस वर्षं दादांनी कानाने विणलं. आपण काय विणलं हे त्यांना गालिचा मागावरून उतरला की कळायचं. त्यावरून ती त्यांना चिडवायची, की माझं लग्न तुमच्याशी नाहीच झालं, तुमच्या दहा बोटांशी झालं.

शेवटचा गालिचा लहान होता, तान्ह्या मुलाला निजवता येईल एवढा. तो कुणी मागवलेला नव्हता, मागच्या खोलीतल्या मागावर घरीच लावला होता. कशाचा आहे म्हणून दादांनी विचारलं तर म्हणाली, विणून झाला की बघा. साठ ओळी झाल्या आणि ती गेली. त्या साठ ओळींसकट माग मागच्या खोलीत उभाच राहिला. दादांनी स्वतः वही वाचून पाहिली होती. पण त्यांची शाळा दुसरीत सुटलेली. बसवरचा मोठा आकडा त्यांना कळे. हे मुंगीएवढे आकडे, एका ओळीत एकशे वीस, डोळ्यांपुढे नुसते वळवळत. वहीतलं ऐकायची सवय झालेल्या माणसाला वही वाचता येत नाही, असं झालं होतं.

आणि आता तो माग जायचा होता. बाळ येणार, घर लहान, ती खोली रिकामी हवी होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला कारखान्याची माणसं टेम्पो घेऊन यायची होती. मुलगा काही वाईट नव्हता. हे सांगताना तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि दादांच्या लक्षात आलं होतं की नाडी आधीच बांधलेली आहे. म्हणून ते "बरं" म्हणाले होते.

तेव्हा पंचवीस दिवस उरले होते.

सुनेने वही उघडली. पहिल्या पानावर दोनच आकडे होते, एकशे वीस आणि एकशे ऐंशी. एका ओळीतल्या गाठी आणि एकूण ओळी. पुढे दर पानावर दहा ओळी होत्या. तिने पानं मोजली, सतरा भरली. पुढचं पान कोरं होतं.

"शेवटच्या दहा ओळी नाहीत, दादा."

"राहून गेल्या असतील."

पाच दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने आकडे भरले. दादा शेजारी स्टुलावर बसून ओळीखाली पट्टी धरायचे. रंगांसाठी त्यांनी लोकरीचे नऊ गुंडे आणून टेबलावर ओळीने मांडले, एक नंबरपासून नऊ नंबरपर्यंत. सून प्रत्येक गुंडा पडद्याला टेकवून रंग जुळवायची. पाच नंबरच्या हिरव्यावरून दोघांची अर्धा तास झकाझकी झाली. दादांचं म्हणणं, हा शेवाळी आहे आणि तू दाखवतेस तो पोपटी. सुनेचं म्हणणं, तुमचा चष्मा पोपटी आहे. शेवटी तिने चष्मा पुसून दिला आणि दादाच खरे निघाले.

"शून्याला कुठला रंग देऊ?" तिने विचारलं.

"शून्य आमच्यात नसतं," दादा म्हणाले. "रिकामी गाठ कशी मारणार?"

न भरलेल्या दहा ओळींत मात्र शून्यंच होती. त्यांना तिने काळा दिला.

मध्येच एकदा ती थांबली. एका ओळीत सगळे तपकिरी आकडे आणि मध्येच एक पांढरा होता. लिहिताना चूक झाली असेल, तिला वाटलं. दादांनी मान हलवली. घड्याळबाईने चाळीस वर्षांत एक गाठ चुकीची सांगितली नव्हती. पांढरा तर पांढरा.

पाचव्या दिवशी चित्र पडद्यावर आलं आणि दोघांचेही चेहरे उतरले. कुणीतरी चित्राच्या बारीक पट्ट्या कापून एक सोडून एक उलटी चिकटवावी तसं दिसत होतं. मोठं करून पाहावं तर रंग एकमेकांत विरघळत होते. सुनेने आपलं लिहिलेलं दोनदा तपासलं. तिला चूक सापडेना.

दादांनी विचारलं, "तू ओळ कुठून कुठे वाचतेस?"

"डावीकडून उजवीकडे."

"सगळ्या?"

"सगळ्याच. म्हणजे काय?"

दादा हसले. तीन वर्षांत ते असे हसले नव्हते. घड्याळबाईला दादांचा हात रिकामा परत आलेला खपत नसे. म्हणून एक ओळ ती जाताना सांगायची आणि दुसरी येताना. सगळ्या कारखान्यात असं काम फक्त त्या दोघांचं होतं. सुनेने एक सोडून एक ओळ उलटी फिरवली आणि चित्राच्या कडांवरचे दात गेले. मग दादा म्हणाले की पहिली ओळ तू छताला टांगली आहेस, गालिचा जमिनीपासून वर चढतो. तिने चित्र खालून वर घेतलं.

उरले विरघळणारे रंग. तो यंत्राचा स्वतःचा शहाणपणा होता. चित्र मोठं करताना ते शेजारचे रंग कालवतं, डोळ्यांना मऊ वाटावं म्हणून.

"शेजाऱ्याच्या गाठीत बोट घालणारा विणकर मी पहिल्या दिवशीच घरी पाठवला असता," दादा म्हणाले.

सुनेने एक ओळ लिहून तेही बंद केलं. तरी दादा बोट धरून मोजताना अडले. म्हणाले, ही गाठ जाड आहे. सुनेने पाहिलं तर विंडोत बसवायला चित्र पाचपटीहून थोडं जास्त ताणलं गेलं होतं, म्हणून काही चौकोन पाच ठिपक्यांचे आणि काही सहाचे झाले होते. हे तिच्या साहेबाच्या नजरेलाही कधी आलं नसतं. तिने ठरवून टाकलं, बरोबर पाचपट, कडेला जागा उरली तर उरू दे. आता एका आकड्याचा एक नेमका चौकोन झाला. पुढे नाही, मागे नाही.

मग ती खुर्ची मागे सरकवून बसली आणि दोघांनी चित्र पाहिलं.

एक खोली होती. खोलीत टेबल, टेबलावर निळसर उजेडाचा चौकोन. त्याच्यापुढे खुर्चीत एक पोटुशी बाई, हात पुढे ताणलेले. तिच्या शेजारी स्टुलावर पांढऱ्या डोक्याचा, वाकलेला एक माणूस. दोघांच्या मागे डाव्या हाताला उघडं दार. आणि दारात कुणीतरी उभं होतं. पिवळी शाल होती, खांद्यापर्यंत.

खांद्यांच्या वर दहा काळ्या ओळी होत्या. डोकं नव्हतं.

स्वयंपाकघरात नळ टपकत होता, तो तेवढा ऐकू येत राहिला.

"दादा... हे त्यांनी कधी लिहिलंय?"

"तीन वर्षं झाली."

"हे टेबल मी आठ महिन्यांपूर्वी घेतलं."

 दोघांनी हळूहळू माना वळवल्या. मागे दार होतं, त्यावर टॉवेल वाळत होता. सुनेने सुस्कारा सोडला. आपलं दार उजवीकडे आहे, ती म्हणाली. चित्रातलं डावीकडे आहे. दुसरीच खोली आहे ती.

संध्याकाळी मुलाने चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, आईला सून आणि नातवंड बघायची हौस होती, तिने मनानेच काढलं असेल. ते पटण्यासारखं होतं. कुणालाच त्यापुढे जाऊन विचार करायचा नव्हता, कारण काम पडलं होतं. दादांना आता कानाऐवजी डोळ्यांनी विणायचं होतं, आणि त्यासाठी पडदा मागाजवळ हवा होता. मुलाने टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं. माग सोडून तिथे टेबलाला एकच जागा होती, खिडकीजवळ. तिथे ते डुगडुगायला लागलं, म्हणून त्याने कागदाची घडी करून एका पायाखाली सारली.

सून खुर्चीत बसली, हात पुढे ताणले, कॉम्प्युटर सुरू केला. चित्र आलं. मग तिने मान वळवली.

या खोलीचं दार डावीकडे होतं.

ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि तिचं बोट आपोआप एका चौकोनावर गेलं. टेबलाच्या तपकिरी पायाखाली एक पांढरा ठिपका होता. एकच. तिने वहीत चूक म्हणून दाखवलेला तोच. मुलगा अजून खाली वाकलेला होता, घडी नीट बसली का पाहत.

"पुरे ना?" त्याने विचारलं.

"पुरे," सून म्हणाली, अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मागावर बसले. सुनेने चित्रावर एक सरकती रेघ घालून दिली होती. विणायची ओळ तेवढी उजळ दिसायची. पहिल्या ओळीला दोन तास लागले आणि ती उसवावी लागली. दुसरी उभी राहिली. चौथ्या दिवसापासून दिवसाला सात ओळी व्हायला लागल्या.

ते दिवस फार चांगले गेले. एका बाजूला सुनेची बटणं वाजायची आणि दुसऱ्या बाजूला दादांचा पंजा, ओळ ठोकून बसवायचा तो लोखंडी. खोलीत लोकरीचा वास भरून राहायचा. दादांना भूक लागायला लागली. ते बोलायलासुद्धा लागले. मुलगा कामावरून आला की आधी मागच्या खोलीत डोकवायचा, किती झालं म्हणून, आणि उभ्याउभ्याच लोकर सोडवत बसायचा.

दादा अनवाणी विणायचे. त्यांच्या डाव्या पायाला चारच बोटं होती. तरुणपणी मागाला ताण म्हणून बांधलेला दगड पडून करंगळी गेली होती. सून म्हणायची की बाळ आजोबांच्या पायावर मोजायला शिकलं तर शाळेत मार खाणार. दादा म्हणायचे, उजव्यावर शिकवू.

एक गोष्ट मात्र होती. सुनेला दाराकडे पाठ करून बसावं लागायचं. मधूनच तिची बटणं थांबायची आणि ती विचारायची, "दादा... आहे का कुणी?"

दादा मागाआडून दाराकडे बघायचे. "अजून नाही," म्हणायचे. आणि ती हसायची, पण खुर्ची जरा पुढे ओढून घ्यायची.

एक तारखेला नऊ दिवस उरले होते. दुपारचे चार वाजले होते. सून चहा ठेवायला गेली होती. दादांना लवंगेचा वास आला. चहात घातली असेल, त्यांना वाटलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं तर वरच्या काळ्या पट्ट्यात सगळ्यात खालची ओळ भरलेली होती. दादांनी विचारलं नाही. सुनेला कुठेतरी पान सापडलं असेल. दुसऱ्या दिवशी चार वाजता दुसरी ओळ आली. तिसऱ्या दिवशी तिसरी.

त्या तिसऱ्या दिवशी सून चहाचे कप घेऊन आत आली आणि पडद्यासमोर थांबली.

"दादा, या ओळी तुम्ही कुणाकडून भरून घेताय? यांच्याकडून का?"

"मी कशाला? मला वाटलं, तू..."

सुनेने कप टेबलावर ठेवले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चहात लवंग नव्हती. घरातच नव्हती, बरणी तीन वर्षं रिकामी होती.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, मला तो प्रोग्राम उघडायचा कसा तेही माहीत नाही. सुनेने त्या तीन ओळी पुसून शून्य केल्या, कॉम्प्युटर बंद केला, वायरसुद्धा काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने सकाळी सुरू केला तेव्हा वर दहा काळ्या ओळी होत्या. दुपारी तीनपर्यंत दहाच होत्या. पावणेचारलाही दहाच. ती टेबलावर हात ठेवून पडद्यासमोर बसून राहिली, डोळे न हलवता. चार वाजले.

चार ओळी आल्या. एकदम. राहिलेल्या तीन आणि त्या दिवसाची एक.

सुनेने पोटावर हात ठेवला. "बाळ फिरलं," ती पुटपुटली.

दादा मागावरून उठले. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, तो त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "तुला नको असेल तर इथेच थांबवू. वरच्या ओळी मी साध्या तांबड्या मारीन. ती रागावणार नाही."

 खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी त्यांना कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "मला तोंड बघायचंय."

मग रोज चार वाजायची वाट सगळेच बघायला लागले. मुलगा कामावरून लवकर सुटून यायला लागला. भीती होतीच. ओळ कशी येते ते कुणाला दिसायचं नाही. डोळे लवायचे तेवढ्यात ती आलेली असायची. पण पुढच्या ओळीत काय येतं याची उत्सुकता भीतीला मागे सारायची. गळा झाला. हनुवटी झाली. सहाव्या दिवशी ओठांच्या बाजूला, गालाच्या रंगात एक गडद तपकिरी चौकोन आला. एकच. सुनेने विचारलं, हा कसला डाग?

मुलगा वाकून पाहत होता. तो होता तिथेच जमिनीवर बसला.

"लवंग," तो म्हणाला. "आईची लवंग आहे ती."

त्या संध्याकाळी तो सुनेला आईबद्दल सांगत बसला. पहिल्यांदाच. दादा मागाआड बसून ऐकत होते आणि गाठी मारत होते.

एक तारीख आली. नऊ ओळी भरल्या होत्या. नाक होतं, डोळे होते, कपाळ होतं. केस आणि दाराची वरची पट्टी तेवढी राहिली होती. दादांनी एकशे एकोणऐंशी ओळी विणल्या होत्या. कारखान्याचा टेम्पो साडेतीनलाच दारात येऊन उभा राहिला. दोन माणसं दोरखंड घेऊन आत आली. मुलाने त्यांना बाहेरच बसवलं, चहा दिला, मग बिस्किटं दिली, मग टेम्पो लिटरला किती किलोमीटर जातो ते विचारत बसला. ती माणसं म्हणाली, असा घरमालक पाहिला नाही.

चार वाजता शेवटची ओळ आली.

दादांनी लोकर हातात घेतली आणि डोळे मिटले. सून पडद्यावर बोट ठेवून सांगायला तयार होती, पण दादांनी विचारलंच नाही. त्यांचे हात चालायला लागले. आधी सावकाश, मग भराभर, सुनेने कधी पाहिले नव्हते असे. काळ्या केसाची गाठ, पांढऱ्या केसाची गाठ, पुन्हा काळी. ओठ मिटलेले, मान एका बाजूला कललेली, मागाच्या पलीकडून कुणी काही सांगत असावं तशी. तिने कान देऊन ऐकलं. शब्द एकही नव्हता. फक्त दातावर काहीतरी बारीक वाजत होतं, लवंग एका गालातून दुसऱ्या गालात न्यावी तसं.

ती पडद्याकडे बघून गाठी मोजत होती. एकशे वीसपैकी एकही चुकली नाही.

कात्रीने धागे कापले आणि दादांनी गालिचा उचलून उजेडात धरला. तिघं बघत राहिली. दारात घड्याळबाई उभी होती, पिवळ्या शालीत, गाल एका बाजूने फुगलेला, आणि पहिल्यांदाच तिने मान वळवली नव्हती. सरळ बघत होती. हसत होती. सून रडली, मग स्वतःलाच हसली. टेम्पोवाले आत आले आणि म्हणाले, झालं का एकदाचं? दादा म्हणाले, झालं. घेऊन जा. मागाचं शेवटचं लाकूड बाहेर गेलं तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

पाच आठवड्यांनी मुलगी झाली. तिला त्या गालिच्यावर निजवायला लागले. मोठी हसरी. कुणी नसताना डावीकडे, दाराकडे बघून हसायची. सुनेने ते पाहिलं आणि बरणीत लवंगा आणून भरून ठेवल्या. 

टेबल तिथेच राहिलं. सुनेला सुट्टी होती, पण दादांनी मागितलं म्हणून ती दुपारी कॉम्प्युटर सुरू करून ते चित्र लावून द्यायची. दादा नातीला मांडीवर घेऊन समोर बसायचे.

एका दुपारी, चार वाजता, वास आला. दादांनी पाहिलं तर दाराच्या वरच्या पट्टीच्या वर आणखी एक ओळ होती. एकशे एक्याऐंशीवी. त्यांना वाटलं, डोळे. दुसऱ्या दिवशी दोन होत्या. त्यांनी सुनेला सांगितलं नाही. आठ दिवसांत चांगलं कळायला लागलं. नवं चित्र सुरू झालं होतं, आणि गालिचा जमिनीपासून वर चढतो. तपकिरी जमीन होती आणि जमिनीवर पावलं. दोन जोड्या, शेजारी शेजारी, अनवाणी.

दादा नातीला कडेवर घेऊन उठले आणि पडद्याजवळ गेले. एका बोटाला एक चौकोन, असं स्पष्ट होतं. उजवीकडच्या जोडीतल्या डाव्या पावलावर त्यांनी बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार. पुढे जमीनच होती. रंग कालवलेले असते तर पाचही वाटली असती. ते कालवलेले नव्हते.

त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग मनातल्या मनात हिशेब केला. ओळी एकशे ऐंशी, दिवसाला एक. म्हणजे सहा महिने. तोवर हिला दात येतील. बसायला लागेल. आजोबा म्हणणार नाही, पण ओळखेल. दादांना वाटलं, पुष्कळ आहे. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते नातीला घेऊन खोलीत एक फेरी मारून आले. स्वयंपाकघरातून सुनेने विचारलं, दादा, एकटेच काय हसताय? ते म्हणाले, काही नाही, हिने माझं नाक धरलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते येऊन बसले. वास आला. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि बोट लावून मोजलं.

आज एकाऐवजी दोन ओळी आल्या होत्या.

नात त्यांच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होती आणि खिदळत होती. दादांनी मान वळवली नाही. पडद्याकडेच बघत, हळू आवाजात, मागावर बसून चाळीस वर्षं म्हणत आले होते तसंच ते म्हणाले,

"अगं, जरा सावकाश सांग... हात म्हातारा झालाय."